कॅलिमाकसचे शत्रू कोण होते?

मागच्या वेळी आपण अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयापाशी थांबलो होतो. आज तिथल्या एका प्रसिद्ध भांडणाकडे वळू. काळ इ.स.पू. तिसरे शतक. गुरू कॅलिमाकस छोट्या, घोटीव रचनेचा पुरस्कर्ता. शिष्य अपोलोनिअसने ‘आर्गोनॉटिका’ हे चार सर्गांचे महाकाव्य रचले. आणि दोघांत हाडवैर झाले. ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

आता पुरावा काय, ते बघू. ‘एटिया’च्या प्रारंभी कॅलिमाकस ‘टेल्किनेस’वर, म्हणजे पुराणकथांतल्या मत्सरी मांत्रिकांवर, तुटून पडतो. आपण हजारो ओळींचे सलग काव्य लिहीत नाही म्हणून ते कुरकुरतात, असे तो म्हणतो. नावे मात्र घेत नाही. हा मजकूर ऑक्सिरिंकसच्या पपायरसवरून १९२७ साली प्रसिद्ध झाला. पुढे काही वर्षांतच, आज फ्लॉरेन्समध्ये असलेल्या पपायरसवरच्या प्राचीन टीपाही छापल्या गेल्या. टीपाकाराने चक्क नावेच दिली आहेत: अस्क्लेपिआडीस, पोसिडिपस, ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला प्राक्सिफानीस, आणखी काही. वाचता येते तेवढ्या यादीत अपोलोनिअस नाही!

मग त्याचे नाव आले कुठून? मुख्यतः ‘सुदा’ या दहाव्या शतकातल्या बायझंटाइन कोशातून. कॅलिमाकसने ‘इबिस’ हे निंदाकाव्य अपोलोनिअसवर लिहिले, असे तो कोश सांगतो. काव्य हरवले आहे, आणि कोश जवळजवळ बाराशे वर्षांनंतरचा. १९८० मध्ये मेरी लेफकोविट्झ यांनी या वैराच्या कथेवरच शंका घेतली. १९९५ मध्ये ॲलन कॅमरन यांनी मांडले, की वाद महाकाव्याचा नव्हताच, एलिजी या काव्यप्रकाराचा होता. त्याला आधारही आहे. अँटिमाकसच्या ‘लिडी’ या एलिजीचे अस्क्लेपिआडीस आणि पोसिडिपस यांनी कौतुक केले. कॅलिमाकसने तिला नावे ठेवली.

फाटक्या यादीत नाव नाही, एवढ्यावरून वैर नव्हतेच असे सिद्ध होत नाही, हे खरे. पण भांडण गृहीत धरले की आपले वाचन बिघडते, ते कसे बघा. अनाफी बेटावरच्या अपोलोच्या विधीत स्त्रीपुरुष एकमेकांची थट्टा करतात. ही प्रथा का पडली, याची कथा ‘एटिया’तही आहे आणि ‘आर्गोनॉटिका’तही. वैर मनात ठेवून वाचले तर हा टोमणा वाटतो, चोरी वाटते. ते बाजूला ठेवले तर एकाच ग्रंथसंग्रहात वावरणारे दोन कवी एकच कथा आपापल्या छंदात घडवताना दिसतात. पुढच्या वेळी या दोन्ही कथा आपण शेजारीशेजारी ठेवून वाचू.