निसर्गशक्ती आणि अमूर्त चित्र

पाऊस, वारा, ऊन, गारठा, आग, लाटा आणि गुरुत्वाकर्षण यांची क्रिया प्रत्यक्ष चित्रपृष्ठावर घडू देऊन केलेली अमूर्त चित्रे. वादळाचे चित्र काढणे वेगळे आणि वादळाकडून चित्र काढून घेणे वेगळे; हा फरक या प्रकाराच्या मुळाशी आहे. इंग्रज चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर यांनी १८४२ मध्ये हिमवादळात सापडलेल्या आगबोटीचे चित्र प्रदर्शित केले. त्यात बोट, समुद्र व आकाश एकमेकांत इतके मिसळले आहेत की चित्र अमूर्ताच्या उंबरठ्यावर येऊन ठेपते. तरीही त्यातला प्रत्येक फटकारा टर्नर यांच्याच हातचा आहे. प्रस्तुत प्रकारात डागाची कड, ओघळाची वाट आणि पृष्ठाचा पोत यांचा बराचसा भाग हवामानावर सोपवलेला असतो. कागद, रंग, जागा व वेळ चित्रकार निवडतो, क्रिया सुरू करून देतो आणि कुठे थांबायचे ते ठरवतो.

पूर्वपीठिका : पाणी व हवा यांना चित्रात वाव देण्याची रीत अमूर्त चित्रकलेहून कितीतरी जुनी आहे. चीनमध्ये तांग काळात (६१८–९०७) शाई शिंपडून पडलेल्या डागांतून डोंगर आणि ढग काढले जात. जपानमधील सुमिनागाशी पद्धतीत पाण्यावर तरंगणारी शाई फुंकरीने किंवा झुळकेने हलते आणि तिची नक्षी कागदावर उचलून घेतली जाते. याच जातीचा अब्री कागद इराण, तुर्कस्तान आणि दख्खनमध्ये तयार होई. ‘अब्री’ हे नाव फार्सीतील ‘अब्र’ म्हणजे ढग या शब्दावरून आल्याचे मानले जाते. मराठीत वापरला जाणारा ‘अभ्र’ हा संस्कृत शब्द त्याच कुळातला. सतराव्या शतकात दख्खनी चित्रकारांनी, विशेषतः विजापूरकडे, हाडकुळा घोडा आणि त्यावरचा स्वार अशा आकृतींच्या आत अब्रीची नक्षी खेळवली. ही चित्रे अमूर्त नव्हेत. पण पाण्याच्या हालचालीतून आलेली रेषा जशीच्या तशी चित्रात ठेवण्याचे कसब त्यांत दिसते.

यूरोपात अलेक्झांडर कझन्स यांनी १७८५ मध्ये शाईच्या डागांतून निसर्गदृश्य सुचवून घेण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. पुढे स्वीडिश नाटककार ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग यांनी १८९३-९४ मध्ये ऑस्ट्रियात भिंग किंवा कॅमेरा न वापरता छायाचित्रणाच्या काचा रात्रीच्या आकाशाखाली ठेवल्या. काचांवर उमटलेले ठिपके तारकांचे आहेत, असा त्यांचा समज होता. ते बहुधा रासायनिक क्रियेचे व धुळीचे होते. मात्र आज त्या काचांकडे अमूर्त चित्राचे पूर्वरूप म्हणून पाहिले जाते. कलानिर्मितीतील योगायोगावरचा त्यांचा निबंध १८९४ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. नॉर्वेचे एडवर्ड मुंक तयार कॅनव्हास पावसात व बर्फात उघडे ठेवत. या उपचाराला ते ‘घोड्याचे औषध’ म्हणत. त्यांच्या १८९३ च्या ‘द स्क्रीम’ या चित्रावरचा पांढरा डाग अनेक वर्षे पक्ष्याच्या विष्ठेचा समजला जात होता. २०१६ मध्ये क्ष-किरण तपासणीत तो मेणाचा निघाला. निसर्गाच्या खात्यावर काय मांडायचे आणि माणसाच्या खात्यावर काय, हा प्रश्न या चित्रांबाबत कसा उभा राहतो, याचा हा बोलका दाखला आहे.

डाग कसा घडतो : जलरंग वाळतो तो पाण्याचे बाष्पीभवन होऊन, तर जवसाच्या तेलातला रंग हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतो. म्हणून दमट हवेत जलरंग तासन्‌तास ओला राहतो आणि त्याचे डाग पसरत जातात. तैलरंगावर तेवढ्याच दमटपणाचा परिणाम वेगळा होतो. सांडलेला चहा वाळला की डागाची कड मधल्या भागापेक्षा गडद दिसते. थेंबाचा काठ पृष्ठाला धरून राहतो, काठाशी पाणी लवकर उडते, ती तूट भरून काढायला आतले पाणी कडेकडे सरकते आणि जाताना कण सोबत नेते. या क्रियेचा खुलासा अमेरिकी संशोधकांनी १९९७ मध्ये केला. ओल्या कागदावरच्या रंगात पावसाचे थेंब पडले की पाणी व रंगकण ठिकठिकाणी एकाच वेळी सरकू लागतात.

पावसाची जात बदलली की चित्र बदलते. अर्ध्या मिलिमीटरहून लहान थेंबांची भुरभुर रंगावर वाळूसारखे बारीक ठिपके सोडते. वळवाचा टपोरा थेंब पाच मिलिमीटरपर्यंत मोठा असू शकतो व सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने आदळतो. तो रंग बाजूला फेकून मध्ये फिकट खळगा आणि भोवती गडद कडे करतो. रंग लावल्यावर लगेच सर आली तर तो वाहून जातो, अर्धवट वाळल्यावर आली तर कडी टिकतात, पुरता वाळल्यावर आली तर जलरंग पुन्हा सुटतो पण ॲक्रिलिक जागचा हलत नाही. त्यामुळे या कामात रंगाच्या छटेइतकेच महत्त्व रंग किती वाळला आहे याच्या अंदाजाला असते.

गुरुत्व आणि द्रवरंग : विसाव्या शतकात कॅनव्हास घोडीवरून उतरून जमिनीवर आला आणि रंगाचे वजन कामाला लागले. मेक्सिकन चित्रकार दाव्हिद आल्फारो सिकेरोस यांनी १९३६ मध्ये न्यू यॉर्कमध्ये प्रयोगशाळावजा कार्यशाळा काढली. तेथे पातळ रंगांचे थर एकावर एक ओतले जात. वरचा रंग जड व खालचा हलका असला की जड रंग खाली बसतो, हलका वर उसळतो आणि पेशींसारखी जाळी तयार होते. मेक्सिकोतील संशोधकांनी २०१५ मध्ये हीच क्रिया प्रयोगशाळेत पुन्हा घडवून तिचे कारण दाखवले. सिकेरोस यांच्या कार्यशाळेत सहभागी झालेल्यांत तरुण अमेरिकी चित्रकार जॅक्सन पोलॉकही होते.

हेलन फ्रँकेंथेलर यांनी ऑक्टोबर १९५२ मध्ये टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग अस्तर न दिलेल्या कॅनव्हासवर ओतून ‘माउंटन्स अँड सी’ हे चित्र केले. रंग कापडावर न बसता कापडात मुरला. १९५३ मध्ये हे चित्र पाहिल्यानंतर मॉरिस लुईस यांनी कॅनव्हास तिरपा धरून पातळ रंगाचे पडदेच्या पडदे वाहवले. पॅट स्टीर यांच्या १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या धबधबा-मालिकेत रंग उभ्या कॅनव्हासच्या वरच्या कडेला लावला जातो आणि ओघळ आपल्या वजनाने खाली येतात. तेथे धबधब्याचे चित्र रंगवलेले नाही. रंगच धबधब्यासारखा पडला आहे.

पाऊस व वारा : हवामानाला उघडपणे चित्राचा कर्ता मानणारे एक ठळक काम फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइन (१९२८–६२) यांचे आहे. १९६० मध्ये त्यांनी ताजा रंग लावलेला कॅनव्हास आपल्या सिट्रोएन मोटारीच्या टपावर बांधला आणि पॅरिसहून नीसपर्यंत, म्हणजे सुमारे ९०० किलोमीटर, गाडी हाकली. वाटेतले ऊन, गारवा, वारा आणि पाऊस त्या पृष्ठावर उमटले. तीस-चाळीस वर्षांत चित्राला येणारे म्हातारपण एका दिवसात आणल्याचा त्यांचा दावा होता. त्याच काळात नदीकाठच्या लव्हाळ्यांवर रंग टाकून वाऱ्याने वाकलेल्या पात्यांचे ठसे त्यांनी घेतले, तसेच रंगीत पृष्ठ वसंतातल्या पावसात धरले. या मालिकेला त्यांनी ‘कॉस्मोगोनी’, म्हणजे विश्वोत्पत्ती, असे नाव दिले.

जपानमध्ये योशिहारा जिरो यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या गुटाई गटाने पुढच्याच उन्हाळ्यात अशिया शहरातल्या पाइनवृक्षांच्या राईत उघड्यावर प्रदर्शन भरवले. ऐन उन्हाळ्यातल्या सूर्याला आव्हान, असा त्याच्या नावाचाच आशय होता. १९५६ च्या प्रदर्शनात मोतोनागा सादामासा यांनी झाडांमध्ये प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्या टांगून त्यांच्या झोळात रंगीत पाणी भरले. ऊन व वारा यांनुसार ते चमके आणि हले. ब्रिटिश कलावंत टिम नोल्स यांनी झाडांच्या फांद्यांच्या टोकांना पेन बांधून खाली कागद ठेवले. ताठ फांदी आखूड, खरवडल्यासारख्या रेषा काढते आणि लोंबती फांदी लांब, वळणदार. वारा तोच असला तरी प्रत्येक झाडाचा हात वेगळा दिसतो.

ऊन आणि आग : जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइप प्रक्रियेत लोहक्षारांचा लेप दिलेला कागद उन्हात निळा होतो, अभियंत्यांच्या ब्लूप्रिंटचा उगम यातच आहे. अमेरिकेतील मेगन रीपनहॉफ असे कागद समुद्राच्या लाटांत आणि पावसात धरतात. फेस, वाळू व मीठ यांच्या खुणा निळ्या पृष्ठावर राहतात. चार्ल्स रॉस यांनी १९७१-७२ मध्ये वर्षभर दररोज एका लाकडी फळीवर मोठ्या भिंगातून सूर्यकिरण पाडले. निरभ्र दिवशी फळीवर सलग जळकी रेघ उमटे, ढग आले की ती तुटे. वर्षभराच्या रेघा क्रमाने एकापुढे एक मांडल्यावर त्यांतून दुहेरी नागमोडी वेटोळे तयार झाले. हा आकार रॉस यांनी योजला नव्हता; ऋतूंनुसार बदलणाऱ्या सूर्याच्या वाटेने तो काढला.

आगीच्या बाबतीत माणसाचा वाटा मोठा असतो, कारण ज्योत त्याच्या ताब्यात असते. जर्मनीत ओटो पीने यांनी धूर व काजळीची चित्रे केली. क्लाइन यांनी १९६१ मध्ये एका गॅसचाचणी केंद्रात मोठ्या ज्योतींनी पुठ्ठे जाळले. पुठ्ठा पाण्याने भिजवलेला असल्याने जळालेल्या व वाचलेल्या भागांची सीमा रेखीव येई.

हिम आणि ओलावा : शून्य अंशाखालच्या तापमानात ओला जलरंग बाहेर ठेवला तर नेच्याच्या पानांसारखे स्फटिक उमटतात. बर्फ गोठताना रंगकण आपल्यात सामावून घेत नाही. ते स्फटिकांच्या मधल्या फटींत ढकलले जातात. कागद गोठलेलाच असताना वाळला तर नक्षी टिकते, वितळला तर ओघळून जाते. अँडी गोल्ड्सवर्दी यांनी मातीमिश्रित हिमाचे गोळे कागदावर वितळू देऊन चित्रे केली. ओलाफुर एलियासन यांच्या २०१८ च्या चित्रांत ग्रीनलंडच्या हिमनदीतले बर्फ शाईच्या थरांवर वितळलेले आहे. सिग्मार पोल्के यांनी १९८६ च्या व्हेनिस बिएनालेत जर्मन दालनाच्या भिंतीवर ओलाव्यानुसार रंग पालटणारे द्रव्य वापरले. उदाहरणार्थ, कोबाल्ट क्लोराइड कोरड्या हवेत निळे, दमट हवेत गुलाबी होते. अशा भिंतीवरचे चित्र हवेसोबत दिवसभर बदलत राहते.

भारतीय संदर्भ : भारतीय अमूर्त चित्रकलेत हवामानाला थेट चित्र करू देण्याची स्वतंत्र चळवळ झाली नाही, मात्र द्रव्य आणि ऊर्जा यांना मोकळीक देणारी कामे आहेत. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले जेराम पटेल (१९३०–२०१६) यांनी १९६० च्या दशकात ब्लो-टॉर्चने लाकूड जाळून काळे खोलगट आकार काढले. त्याच शाळेतून १९४८ मध्ये पदविका घेतलेले नागपूरचे वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) रोलर व पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत आणि उतरवत. त्यांच्या चित्रांत पाहणाऱ्यांना धुके व समुद्र दिसतो. गायतोंडे स्वतः मात्र आपली चित्रे कशाचेही चित्रण नसलेली मानत. कोकणपट्टीत पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहते. तेथे रंग सावकाश वाळतो, कागद फुगतो आणि जपले नाही तर कॅनव्हासवर बुरशी धरते. त्यामुळे येथील चित्रकाराला हवामानाचा हिशोब प्रत्येकच चित्रात ठेवावा लागतो.

कर्तृत्व आणि जतन : निसर्गाने केलेला प्रत्येक डाग चित्र ठरत नाही. अनेक कागदांतून एक निवडणे, त्याची कोणती बाजू वर ठेवायची, कुठे कापायचा आणि क्रिया केव्हा थांबवायची हे निर्णय चित्रकाराचेच असतात. हे काम तंत्रदृष्ट्या सोपे वाटले तरी त्यात वाया जाणाऱ्या कागदांचे प्रमाण मोठे असते, कारण बिघडलेला डाग ब्रशने सुधारला की क्रियेची खूण पुसली जाते.

जतनाच्या वेळी अडचण उलटी होते. संग्रहालय ऊन, ओलावा व धूळ यांना दूर ठेवते आणि ही चित्रे तर त्यांच्यामुळेच घडलेली असतात. फ्रँकेंथेलर यांच्या चित्रात कापडात मुरलेल्या तेलाने डागांभोवती पिवळसर वलये आली आहेत. रीपनहॉफ आपले काही कागद पूर्ण धुऊन स्थिर करत नाहीत, त्यामुळे त्यांचा रंग पुढेही पालटत राहतो. अशा वेळी पृष्ठावर नवीन दिसणारा बदल हानी समजायचा की चित्राचाच भाग, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी द्रव्ये, दिनांक, स्थळ, हवामान आणि प्रक्रिया कुठे थांबवली यांची नोंद, तसेच ठरावीक काळाने घेतलेली छायाचित्रे, हा या चित्रांच्या जतनाचा आवश्यक भाग ठरतो.