घुरघुर विकत मिळेल

आमच्या राजारामपुरीत गल्ल्यांना नावे नाहीत, आकडे आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. पत्ता सांगायला सोपे. अशाच एका आकड्याच्या गल्लीत, आमच्याच घराच्या माडीवर, माझ्या पुतण्याने ध्वनिमुद्रणाची खोली थाटली आहे. भिंतींना गाद्या, दाराला घोंगडे, खिडकी कायमची बंद. गणपतीच्या आगमनाची मिरवणूक निघते तेव्हा ह्या गाद्या-घोंगड्यांचा काडीइतकाही उपयोग होत नाही आणि तो मुकाट्याने सुट्टी घेतो, हा भाग वेगळा.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत एक स्पूल सापडले. 1966 साली मामांनी कुणाकडून तरी जर्मन टेपरेकॉर्डर मागून आणला होता आणि मेतकुटाचे दळण चालू असताना आईला ओव्या म्हणायला लावल्या होत्या. जात्याच्या घरघरीसकट ते मुद्रण झाले. मग टेपरेकॉर्डर ज्याचा त्याच्याकडे गेला आणि स्पूल ट्रंकेत गेले. पुतण्याने ते कुठून तरी संगणकावर उतरवून आणले आणि मला माडीवर बोलावले. आवाज आईचा होता, पण खोल विहिरीतून यावा तसा. तार सप्तकात गेली की कानठळ्या, खाली आली की काहीच नाही.

“थांबा काका, कॉम्प्रेसर लावतो,” तो म्हणाला.

आमच्या शेजारच्या उद्यमनगरात कॉम्प्रेसर म्हणजे हवा दाबून भरण्याचे यंत्र. ह्याचा कॉम्प्रेसर म्हणजे पडद्यावर उमटलेले एक चित्र. करड्या रंगाची लोखंडी पट्टी, तिच्यावर दोन मोठ्या गुंड्या, मधोमध काट्याची तबकडी, कोपऱ्यांत चार स्क्रू. स्क्रूंच्या खाचासुद्धा काढलेल्या! कुठल्याशा जुन्या अमेरिकन यंत्राचे हे सोंग. ह्याला ‘प्लगइन’ म्हणतात आणि त्याने ते रोख पैसे मोजून घेतले होते. पण मला खरे नवल वाटले ते एका बारीकशा कळीचे. तिला तीन जागा होत्या: 50, 60 आणि बंद. मी विचारले, हे काय? तर म्हणाला, जुन्या यंत्रांत विजेच्या प्रवाहाची जी घुरघुर यायची ती ह्यात मुद्दाम घातली आहे. अमेरिकेची हवी तर 60 आवर्तनांची, आपल्याकडची हवी तर 50 ची.

ज्या घुरघुरीपायी ध्वनिमुद्रकांच्या दोन पिढ्यांनी रात्री जागवल्या, ती आता विकत मिळते! त्या दिवसापासून ह्या यंत्रांची कुळकथा शोधण्याचा मला नाद लागला.

ही मंडळी मुळात संगीताच्या घरची नव्हेतच. इक्वलायझर हा टेलिफोनच्या तारांचा मुलगा. लांबच्या तारेवरून आवाज पाठवला की त्यातले बारीक, टोकदार स्वर वाटेत गळून पडत आणि पलीकडे पोचे ते बोळक्या तोंडाचे बोलणे. गळालेले पुन्हा उचलून दोन्ही टोकांचा आवाज सारखा करायचा, म्हणून त्याचे नाव समकारी. कॉम्प्रेसर आणि त्याचा थोरला भाऊ लिमिटर हे नभोवाणीच्या पदरी वाढले. प्रक्षेपकात ठरल्यापेक्षा मोठा आवाज गेला की तो फाटतो आणि शेजारच्या केंद्राच्या अंगणातही घुसतो. पूर्वी एक माणूस गुंडीवर बोटे ठेवून बसे आणि गवई वर चढला की आवाज खाली ओढी. त्या माणसाच्या जागी यंत्र बसवायचे, एवढाच हेतू. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा 110-ए हा त्यातला नावाजलेला. तो 1937 साली आला.

म्हणजे कामे सगळी हमालीची. तार दुरुस्त करणे, प्रक्षेपक सांभाळणे, तबकडी कापणारी सुई उडू न देणे. ह्या शेवटच्या कामासाठी फेअरचाइल्ड 670 नावाचे धूड तयार झाले. एस्टोनियातून अमेरिकेत आलेल्या रेन नार्मा ह्या गृहस्थाने ते आखले. वीस व्हॉल्व्ह आणि वजन जवळजवळ तीस किलो! लंडनच्या अ‍ॅबी रोडवर बीटल्सच्या गाण्यांना वापरला तो ह्याच घराण्यातला धाकटा, 660. तबकडीच्या रक्षणासाठी जन्मलेला गडी गाण्याच्या अंगाला जाऊन भिडला, तो असा.

1951 साली निघालेल्या पुलटेक इक्वलायझरची गंमत आणखी निराळी. त्यात खर्ज वाढवायची एक गुंडी आणि खर्ज कमी करायची दुसरी. शहाणा माणूस एका वेळी एकच फिरवील. पण स्टुडिओतल्या खटपट्या लोकांनी दोन्ही एकदम फिरवल्या. वाढवणे आणि कापणे नेमके एकाच जागी पडत नसल्यामुळे खालचा खर्ज भरदार झाला आणि त्याच्या जरा वरचा चिखल निघून गेला. तीच तऱ्हा 1176 ची. बिल पुटनमने 1967 साली आणलेल्या ह्या कॉम्प्रेसरवर, किती दाबायचे ते ठरवणारी चार बटणे आहेत: 4, 8, 12, 20. एक दाबले की दुसरे उठावे अशी योजना. कुणी तरी द्वाडपणाने चारही एकदम दाबली आणि ढोलताशाला अशी काही धार आली की ती चूकच पुढे रीत होऊन बसली. आजच्या पडद्यावरच्या चित्रातही ती चारी बटणे एकदम दाबता येतात. चुकीची इतकी इमानदार नक्कल आपल्या शाळांतसुद्धा होत नसेल.

आणि माझ्या पुतण्याच्या पडद्यावर होता तो एल-ए-टू-ए. ह्याचा कर्ता जिम लॉरेन्स. आधी टायटन क्षेपणास्त्रांच्या कामात प्रकाशाने चालणारी संवेदक उपकरणे करीत असे. त्याने आवाजाला प्रकाशाच्या हाती दिले. आवाज चढला की एक चकती उजळते. समोरची प्रकाशसंवेदी पट्टी तो उजेड पाहते आणि आवाज खाली ओढते. आवाज उतरला की चकती विझते, पण पट्टीला उजेड लगेच विसरता येत नाही. निम्मा विसर सुमारे 60 मिलिसेकंदांत पडतो, उरलेला पडायला काही सेकंद जातात. आणि उजेड जितका जास्त वेळ पडलेला, तितका विसर सावकाश. लॉरेन्सने ही ‘आठवण’ ठरवून घातली नव्हती, त्या पदार्थाचा तो गुणच. पण गाणारा गळा ह्या यंत्रातून गेला की दाबल्याचा वळ उठत नाही, तो ह्यामुळेच.

ह्या सगळ्याच्या आधी काय होते? गवयाची मान होती. कर्ण्यासमोर गाऊन ध्वनिमुद्रिका होत (आपल्याकडे 1902 पासून), तेव्हा वरचा स्वर आला की गाणाऱ्याने मागे सरायचे, खाली आला की पुढे. केशवराव भोसल्यांसारख्या नटाला रंगभूमीवर तेही नको. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेणे हे त्याच्या छातीचे काम. पुढे मायक्रोफोन आला तेव्हा पार्श्वगायक श्वास घेताना तोंड वळवायला शिकले. कॉम्प्रेसरचे एक वाईट आहे: तो गाणे दाबतो आणि मग सगळेच उचलून धरतो, त्यात श्वासही मोठा होतो.

कोल्हापूरकराला ही कथा परकी वाटू नये. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ 1932 साली आमच्या गावात, प्रभात कंपनीत तयार झाला. गोविंदराव टेंबे त्यात गायले, संगीतही त्यांचेच. आणि ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामल्यांनी सांभाळली. पुढे चारच वर्षांत फत्तेलालांबरोबर ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित करणारे हेच दामले. प्रभात 1933 साली पुण्याला गेली. शांतारामबापूंनी 1942 साली मुंबईत परळला राजकमल उभारले आणि तिथे मंगेश देसाई ध्वनिमिश्रणाला बसले. ‘शोले’चे मिश्रण त्यांचे, सत्यजित राय यांच्यासारखा चोखंदळ माणूस आपले चित्रपट मिश्रणासाठी त्यांच्याकडे आणी. चित्रपटाच्या फितीवरचा प्रकाशपट्टा फार अरुंद. लहान आवाज त्याच्या खरखरीत बुडतो, मोठा फाटतो. संवाद, घोड्यांच्या टापा आणि व्हायोलिनचा ताफा त्या बोळातून एका वेळी न्यायचा, तर प्रत्येकाच्या अंगाला कुठे चिमटा काढायचा हे कान असलेल्यालाच कळे.

आता दुःखाची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या पुटनमच्या मुलांनी 1999 साली बापाची युनिव्हर्सल ऑडिओ कंपनी पुन्हा उघडली. बापाची यंत्रे परत बनवली आणि त्यांचे संगणकी अवतारही काढले. त्याआधी 1992 साली वेव्हज ह्या इस्रायली कंपनीने पहिला प्लगइन इक्वलायझर आणला होता आणि 1996 साली स्टाइनबर्गने असले प्लगइन कुणालाही करता यावेत अशी वाट मोकळी केली होती. हे अवतार करायचे म्हणजे जुन्या यंत्राचा नकाशा घ्यायचा, प्रत्येक व्हॉल्व्ह, रोहित्र, धारित्र कसे वागते त्याची समीकरणे मांडायची आणि संगणकाने ती सेकंदाला निदान 44,100 वेळा सोडवायची. रोहित्र जरा गुदमरते, व्हॉल्व्ह जरा लाजतो, ते सारे गणितात. पण त्यासाठी नकाशा हवा, आणि एक तरी धडधाकट यंत्र हवे.

आपल्याकडे? भालजींचा जयप्रभा स्टुडिओ 1948 च्या दंगलीत जळला. तयार झालेला ‘मीठभाकर’ त्यात गेला, म्हाताऱ्याने जिद्दीने तो पुन्हा काढला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या फिती 2003 सालच्या आगीत गेल्या. आमचे केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री पेटले. फितींसाठी, नाट्यगृहासाठी आपण निदान हळहळलो तरी. ज्या यंत्रांतून आपल्या लाडक्या गाण्यांचे आवाज गेले त्यांच्यासाठी कोण हळहळणार? काही भंगारात गेली असतील, काही कुणाच्या गोदामात धूळ खात असतील. पुतण्याच्या यादीत लंडनची आहेत, न्यूयॉर्कची आहेत, कॅलिफोर्नियाची आहेत. मुंबईचे म्हणून एकही मला दिसले नाही. त्याला मी हे बोलून दाखवले, तर म्हणाला, “काका, मापं घ्यायला यंत्र तर पाहिजे.” बरोबरच आहे.

असो. त्याने दुसरी गुंडी फिरवली. काटा मागे झुकू लागला. आईचा वरचा स्वर बसला आणि खालचे शब्द उजेडात आले. ओवी संपून ती श्वासासाठी थांबली की जात्याची घरघर हळूहळू वर येई, पुढची ओवी सुरू झाली की मागे सरे. आणि तिसऱ्या ओवीनंतरच्या शांततेत, सबंध सहा दशकांत कुणी ऐकले नव्हते असे काही तरी आले. दारातून, अगदी दबक्या आवाजात, एक पुरुष विचारीत होता: “फिरालंय न्हवं?”

वडील. स्पूल फिरते आहे ना, असे मामांना विचारीत असावेत. ते गेल्याला चाळीस वर्षे होऊन गेली. त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता. पुतण्याने तर आजोबा पाहिलेच नव्हते. तो तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा लावीत राहिला. मी खिडकीकडे पाहत बसलो, ती बंदच होती.

मग प्रश्न आला घुरघुरीचा. ही काही विकतची नव्हे, 1966 सालची आमच्याच घरची 50 आवर्तनांची. इक्वलायझरने ती कापून पाहिली. घुरघुर गेली खरी, पण जात्याचा पायाही तेवढ्यातच होता. दगड पोकळ झाला, आई पत्र्याच्या डब्यावर बसून दळते आहे असे वाटू लागले. माझी बहीण पुण्याहून सारखी फोन करीत होती. तिला मोबाइलवर ऐकायला स्वच्छ पाहिजे. शेवटी दोन प्रती केल्या. तिला स्वच्छ प्रत पाठवली, वडिलांचे तीन सेकंद मात्र तिच्याही प्रतीत न पुसता ठेवले. दुसरी, जाते आणि घुरघुर जशीच्या तशी असलेली, माडीवर आहे. मिरवणुका नसल्या की ऐकायला मिळते.