गादीचे द्वैत

नवराबायकोने एका गादीवर झोपावे ही कल्पना आमच्या घराण्यात फार उशिरा आली. गैरसमज नसावा, घराणे व्यवस्थित वाढलेले आहे. पण आजोबा ओटीवर, आजी माजघरात आणि गाद्या ज्याच्या त्याच्या. पिंजारी दारात यायचा, धनुकलीचा टुंई टुंई आवाज करीत अंगणभर कापूस उडवायचा आणि भरताना विचारायचा, "ही कुणाची?" आजोबांची म्हटले की त्याची मूठ सैल सुटायची. आजीची असली की आखडायची. देह बघून गादी भरायचे हे शास्त्र तेव्हा घरपोच मिळे, आणि त्याला शास्त्र म्हणायचे कुणाला सुचले नव्हते.

मग ब्लॉक आला, ब्लॉकमध्ये डबलबेड आला, दोन गाद्यांची एक सलग गादी झाली आणि भानगड सुरू झाली. माझे वजन ९४ किलो, हिचे ४६. मी आडवा झालो की माझ्या बाजूला दरी तयार होते आणि ही निसर्गनियमाने तिच्यात घरंगळते. ते टाळायला हिने ३१ वर्षे पलंगाची कड धरून झोप काढली. शेवटी उजवा हात खांद्याच्या वर जाईना. हाडांच्या डॉक्टरांनी खांदा दाबून विचारले, "लोकलला लोंबकळून जाता का हो?"

डॉक्टर म्हणाले, गादी बदला. मुलगी म्हणाली, लॅटेक्सचीच घ्या.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. झाड मूळचे ब्राझीलचे. १८७६ साली हेन्री विकॅम नावाच्या इंग्रजाने त्याच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. शंभरातल्या जेमतेम चारांना कोंब फुटले, पण त्यांच्या वंशजांनी पुढे सिलोन आणि मलाया व्यापला. केरळात तर रबर आहेच, आता आपल्या दोडामार्गाकडेही त्याच्या बागा दिसतात. १९२९ साली बर्मिंगहॅमच्या डनलॉप कारखान्यातल्या मर्फी ह्या शास्त्रज्ञाने हा चीक फेसून त्याचा फोम केला. तोही म्हणे बायकोच्या केक फेटायच्या यंत्रात! तिच्या जागी आमची ही असती तर तो उद्योग त्याच रात्री आटोपला असता. पुढे ते नाव आपल्याकडे इतके रुळले की मऊ गादी कुणाचीही असो, ती 'डनलॉपची'.

फेसलेला चीक साच्यात ओतून ढोकळ्यासारखा वाफवला की झाला डनलॉप प्रकार. ह्यात जड भाग तळाशी बसतो, म्हणून तो खालून घट्ट. दुसरी टॅलाले पद्धत. तिच्यात साचा अर्धवट भरतात, हवा ओढून फेस फुगवतात, गोठवतात आणि मग तापवतात. हा फोम अधिक एकसारखा. लॅटेक्सचा खरा गुण म्हणजे दाबाल तिथेच दबते, शेजाऱ्याला सोबत ओढत नाही. पण वजनदार माणसाला घट्ट आणि जाड थर लागतो. हलक्या, कुशीवर झोपणाऱ्याला मऊच हवा, नाहीतर खांदा गादीत शिरतच नाही, वरच टेकून राहतो. मऊपणाचे मापही आहे: ४ इंची थरावर ५० चौरस इंचांची तबकडी दाबायची आणि थर एक इंच खचायला किती पौंड लागले ते पाहायचे. विशीच्या आत मऊ, चाळिशीला घट्ट. (माणसांचे बहुधा उलट असते.)

दुकानातला मुलगा म्हणाला, "दोघांना मिळून मीडियम घ्या." मीडियम म्हणजे दोघांची सारखी गैरसोय. संसारात चालते, खांद्याला चालत नाही. दोघांनी एकदमच, रोजच्या कुशीवर, चांगली पंधरा मिनिटे पडून पाहावे असे माझे मत. ही तयार होईना. "अहो, लोक बघताहेत!" मी आधीच पडलो होतो. शेवटी पर्स पोटाशी धरून पडली आणि दहाव्या मिनिटाला चक्क घोरू लागली. ती बाजू टॅलालेची होती.

आम्ही घेतले ते दोन भाग: माझा घट्ट, हिचा मऊ, वरून खोळ एक. चेन उघडली की आत आजी-आजोबांचीच व्यवस्था. तीन महिने झाले. हिचा हात आता वरच्या फळीपर्यंत जातो, आणि चिवड्याचा डबा लगेच तिथे गेला आहे. मधल्या फटीवर नातू झोपतो. त्याचे वजन १७ किलो. त्याला कुठला आकडा लागतो, ते त्या मुलालाही सांगता आले नाही.