दगडाला दर्जा आहे, कागदाचं काय?

दिल्लीत इंडिया गेटकडून राष्ट्रपती भवनाच्या दिशेने चालायला लागलं की वाटेत जनपथचा चौक लागतो. तिथे एका कोपऱ्यावर लाल आणि फिकट वालुकाश्मातली, खांबांची एक देखणी इमारत उभी आहे. बहुतेक लोक तिच्याकडे न पाहताच पुढे जातात, कारण सेल्फी इंडिया गेटसोबत काढायचा असतो. ही इमारत म्हणजे भारताचं राष्ट्रीय अभिलेखागार. सरकारने केव्हा काय ठरवलं, का ठरवलं आणि कुणी विरोध केला, याचे कागद सांभाळणारं घर.

एडविन ल्युटेन्सने नवी दिल्ली आखली, तेव्हा या चौकाभोवती चार सांस्कृतिक इमारती उभारायचा विचार होता. प्रत्यक्षात त्यातली एकच उभी राहिली, ती ही. इंग्रजांना इथे सर्वात आधी गरज वाटली ती दप्तराची. राज्य तलवारीवर मिळवता येतं, पण चालवायचं तर जुनी फाइल वेळेवर सापडावी लागते. पेशव्यांनाही हे ठाऊक होतं, म्हणून तर पुण्यात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधले गेले.

या खात्याची सुरुवात ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यात झाली. नाव होतं इम्पिरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट. त्याचा पहिला प्रमुख जॉर्ज फॉरेस्ट आपल्याकडूनच तिथे गेला होता. तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवायचा, आणि मुंबई सचिवालयातल्या मराठेशाहीविषयीच्या कागदांची निवड त्याने १८८५मध्ये छापली होती. पुढे १९११मध्ये राजधानी दिल्लीला हलवायचं ठरलं. १९२६मध्ये ही इमारत तयार झाली, आणि कलकत्त्याचे सगळे कागद इथे पोहोचेपर्यंत १९३७ उजाडलं. इमारत बांधण्यापेक्षा कागद हलवायला जास्त वर्षं लागतात, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

घर मिळालं म्हणून दार उघडलं असं मात्र नाही. हे सरकारचे कागद होते, सरकारच्या कामासाठी ठेवलेले. अभ्यासकांना आत शिरणं अवघड होतं. १९३९मध्ये डॉ. सुरेंद्रनाथ सेन प्रमुख झाले. हे बंगाली इतिहासकार मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथामुळे महाराष्ट्राला आधीच परिचित होते. त्यांच्या काळात संशोधकांसाठी दार खऱ्या अर्थाने उघडलं, आणि १९४०मध्ये जुने कागद कसे टिकवायचे याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळाही सुरू झाली. वाळवी, कसर, दमट हवा आणि स्वतःचीच शाई, इतके शत्रू असतात कागदाला. भक्कम भिंती त्यांतल्या काहींनाच अडवतात. बाकीचं काम माणसांना रोज करावं लागतं.

आता २०२१च्या उन्हाळ्यात येऊ. सेंट्रल व्हिस्टा प्रकल्पात या परिसरातल्या अनेक इमारती पाडायचं ठरलं आणि त्यात अभिलेखागाराचंही नाव आलं. अभ्यासक अस्वस्थ झाले, जाहीर निवेदन निघालं. सरकारने सांगितलं की मूळ इमारतीला हात लागणार नाही, पाडायची आहे ती मागची जोडइमारत, आणि कागद सुरक्षित हलवले जातील.

मूळ इमारत सुरक्षित होती ती वारसा यादीमुळे. पुरातत्त्व खात्याच्या १९५८च्या कायद्यात प्राचीन वास्तू म्हणजे किमान शंभर वर्षं जुनी वास्तू. ही इमारत त्यात बसत नव्हती. पण शहराच्या वारसा यादीत तिला पहिली श्रेणी आहे. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूत आतून-बाहेरून बदल करता येत नाहीत. मजबुतीसाठी अगदी गरज पडली तरच, आणि तेही कमीत कमी. मुंबईतही अशा श्रेणी आहेत, आणि त्यांनी कितीतरी इमारती वाचवल्या आहेत.

मग अभ्यासकांना काळजी कशाची होती? त्यांच्या निवेदनानुसार त्या श्रेणी नसलेल्या जोडइमारतीत ४५ लाख फायली, २५ हजार दुर्मीळ हस्तलिखितं, एक लाखाहून जास्त नकाशे आणि १ लाख ३० हजार मुघलकालीन कागद होते. म्हणजे सुंदर होती ती इमारत वाचली, आणि खजिना ठेवला होता तीच पाडायच्या यादीत. हलवाहलवीत एखादी फाइल चुकीच्या रॅकवर गेली तर ती जळली काय आणि हरवली काय, वाचणाऱ्याला सारखंच.

याहून मोठी गोष्ट पुढच्या वर्षी कळली. डिसेंबर २०२२मध्ये अभिलेखागाराचे तत्कालीन महासंचालक चंदन सिन्हा यांनी जाहीरपणे सांगितलं की १९६२, १९६५ आणि १९७१च्या युद्धांचे, अगदी हरितक्रांतीचेही कागद आपल्याकडे नाहीत. केंद्राची १५१ मंत्रालयं आणि विभाग. त्यांपैकी फक्त ३६ जणांचे कागद इथे आलेले. १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा सांगतो की २५ वर्षांहून जुने कागद छाननी करून इथे सोपवायचे. कायदा आहे, घर आहे, पण कागदच घरी आले नाहीत. ते कुठल्या कपाटात आहेत, की रद्दीत गेले, याचं उत्तर ल्युटेन्सचे खांब देऊ शकत नाहीत.

म्हणून ‘वारसा वाचवा’ म्हणताना आपण नेमकं काय वाचवतोय ते विचारायला हवं. किल्ला रिकामा असला तरी किल्लाच असतो. रिकामं अभिलेखागार मात्र नुसती छान इमारत उरते. त्याचा वारसा तीन गोष्टींनी बनतो: भिंती, कागद आणि ते वाचायचा तुमचा-माझा हक्क. श्रेणी मिळते ती फक्त पहिलीला.

तिसरी गोष्ट सध्या तुमच्या हातात आहे, शब्दशः. ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर इथले बरेच कागद फोनवर शोधता येतात. आज रात्री रील बघून कंटाळलात तर आपल्या जिल्ह्याचं नाव टाकून बघा. एखादी फाइल सापडेल. आणि नाही सापडली, तर ती कुठे आहे हे विचारायचा हक्कही आपलाच आहे.