‘सी’ या अक्षराचा इतिहास

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तरसात एक द्रव्य आढळले. न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ नामक अंशाशी त्याचा साका बने. रोगी बरा होताच ते नाहीसे होई. ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’ हे नाव यावरूनच रूढ झाले. परंतु हे प्रथिन त्या एका जंतूपुरते नाही. शस्त्राच्या जखमेनेही यकृत ते निर्माण करते. म्हणून आतड्यावरील शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी चढलेला आकडा संसर्ग सिद्ध करीत नाही. तिसऱ्या दिवसापासून तो उतरू लागला, तर आतड्याचा सांधा गळत नसल्याचा बराच भरवसा मिळतो. चढताच राहिला, तर तापाची वाट न पाहता शोध घ्यावा लागतो. नावात जंतूची खूण राहिली. शल्यवैद्याला मात्र त्याचा मोठा उपयोग संसर्ग नसल्याची साक्ष म्हणून होतो.