सहाव्या कामाची वंशावळ

अंगणवाडी म्हटलं की लोकांना आधी सुकडी आठवते, मग लस, मग वजनकाटा. 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्यावर सहा कामं सोपवली होती: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, शाळेआधीचं शिक्षण आणि सहावं, 15 ते 45 वयाच्या बायकांना पोषण-आरोग्याचं शिक्षण. पहिल्या पाचांची नोंद ठेवणं त्यातल्या त्यात सोपं. सहाव्यात मात्र बैठक झाली एवढंच लिहिता येतं. घरात काय बदललं ते रकान्यात बसत नाही. म्हणूनच ते मागे पडलं असावं. खरं तर मोठ्या माणसांना शिकवण्याचं हे काम योजनेहून कितीतरी जुनं.

1855 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवस मजुरीचा, म्हणून शाळा रात्रीची, इतका सरळ हिशेब. पुढे 1909 मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. शिवण, प्रथमोपचार, रुग्णशुश्रूषा, लिहिणं-वाचणं. विधवा आणि परित्यक्ता बायकांना पायावर उभं करणारं हे काम मोठंच. पण तिथवर चालत जायची मुभा जिला होती तिच्यापर्यंतच ते पोचायचं.

हा हिशेब बदलला तो बोर्डीत. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणात मुरलेल्या, नंतर दादरच्या शिशुविहारात स्थिरावलेल्या. त्याच सुमाराला, 1945 च्या जानेवारीत, गांधीजींनी सेवाग्रामला नई तालीम या आपल्या शिक्षणपद्धतीची व्याप्ती वाढवली होती: शिक्षण सात वर्षांच्या मुलापासून नव्हे, गर्भापासून, आणि मुलाच्या आधी आईबापाचं. वर्षअखेरीस ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. बालवाडी मांडली, पण हरिजनवाड्यातली मुलं येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊन बसवली. मुलांना आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे, आणि हे सगळं घरच्यांच्या देखत. आरोग्यावरच्या दहा व्याख्यानांनी झालं नसतं ते एका बादलीने होत असे, कारण आई, आजी, शेजारीण दारात उभ्या राहून पाहत होत्या. साधनंही तिथलीच: शंख-शिंपले, बिया, दगड.

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा वारली मुलांची नवी अडचण समोर आली. ती गुरांमागे जात. मग शाळा कुरणात गेली. तिचं नावच कुरणशाळा. माझ्या मते या साऱ्या वंशावळीतला सगळ्यात धीट निर्णय हाच. मुलाची मजुरी आवडत नाही म्हणून तिच्याकडे पाठ न फिरवता, गुरं चरत असताना शिकवायचं! बोर्डीतली ती अंगणातली बालवाडी, म्हणजे अंगणवाडी, सरकारने तीस वर्षांनी नावासकट उचलली, पण कुरणशाळेला सरकारी योजनांत तसं मानाचं पान मिळालं नाही.

दुसरी शाखा अहिल्यानगर (तेव्हाच्या नगर) जिल्ह्यातल्या जामखेडची. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये तिथे आले. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात टिकेनात, म्हणून त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. या बायका जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतल्या की शेजारणीला सांगत: जुलाब झाले की पाणी तोडू नका, गरोदर बाईला अर्धपोटी ठेवू नका. सांगणारी त्याच गावची सून असल्याने, सासूला काय चालेल नि काय नाही हे तिला पक्कं ठाऊक. बायकांच्याही आधी आरोळ्यांनी गाठले ते पुरुष. व्हॉलीबॉलच्या निमित्ताने वेगवेगळ्या जातींचे गडी एका मैदानात आले, त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली, आणि विहीर, पाणी, पीक यांच्या गप्पांत बायकोपोरांच्या आरोग्याचा विषय शिरला. घरातले निर्णय ज्याच्या हाती, त्याला बाहेर ठेवून कुटुंबाला शिकवता येत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

नव्वदीत जागतिक आरोग्य संघटनेने जीवनकौशल्यांची दहा कलमी यादी दिली: निर्णय घेणं, समस्या सोडवणं, ताण हाताळणं वगैरे. आपल्याकडे 2010 नंतर ‘सबला’ योजनेतून ती अंगणवाडीत 11 ते 18 वयाच्या मुलींपर्यंत आली. अकराव्या वर्षी धाकट्याला कडेवर घेऊन चूल सांभाळणाऱ्या मुलीला समस्या सोडवायला शिकवायचं म्हणजे जरा गंमतच. निर्णय घेणं तिला शिकवता येईल. तो घेऊ द्यायला घरच्यांना कोण शिकवणार?

2018 च्या पोषण अभियानात याचं थोडं भान दिसतं. अंगणवाडीत गोदभराई, अन्नप्राशन असे समुदाय आधारित कार्यक्रम ठरवून दिले, त्यात एक सुपोषण दिवस आहे, मुख्यतः नवऱ्यांसाठी. कल्पना चांगली आहे. पण अंगणवाडी भरते सकाळी, आणि त्या वेळी नवरे शेतावर, वीटभट्टीवर नाहीतर ऊसतोडीच्या फडात असतात.