गुरूची खोली

अनुकरण आणि प्रेरणा यांतील अंतर ज्यांस जाणून घ्यावयाचें असेल, त्यांनीं जपानी चित्रकथांचा, म्हणजेच ‘मांगा’चा, इतिहास अवश्य पाहावा.

१९४७ सालीं ओसाका येथें ‘शिन ताकाराजिमा’ हें चित्रकथेचें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याचा चित्रकार तेझुका ओसामू हा १८ वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी होता. डिस्नेच्या चित्रपटांनीं त्यास बालपणींच वेड लावलें होतें. युद्धानें होरपळलेल्या त्या देशांत, ताकाओका गांवीं, फुजिमोतो हिरोशी व आबिको मोतोओ या शाळकरी मित्रांच्या हातीं तें पडलें. आरंभींची धांवती मोटार पाहून कागदावरील चित्रें हलत असल्याचा त्यांस भास झाला, आणि हीच कला आपली, असा त्यांनीं निश्चय केला.

१९५४ सालीं दोघे टोकियोस आले. नवख्यांजवळ अनामत भरण्यापुरता पैसा कोठून असणार? तेझुकानें ‘तोकिवा-सो’ या दुमजली लांकडी इमारतींतील आपली खोली त्यांस दिली, आणि मालकाकडील अनामतही तशीच राहूं दिली.

तेझुकाचा १९५२ मधील यंत्रमानव ‘ॲटम’ महापराक्रमी होता. फुजिमोतोचें १९६९ मध्यें अवतरलेलें यांत्रिक मांजर ‘डोरेमॉन’ मात्र उंदरास भिणारें! खोली गुरूची लाभली, तरी शिष्यांनीं त्याची नक्कल केली नाहीं. त्या ऋणाची खरी फेड हीच होय.